तज्ज्ञ शहरात, पेशंट पाड्यावर: दूरून मिळणाऱ्या वैद्यकीय ज्ञानाबद्दल तुमचे प्रश्न

मागच्या अंकात मी टेलिमेडिसिनवर चार ओळी लिहिल्या होत्या, की गावातल्या पेशंटला शहरातल्या तज्ज्ञाशी व्हिडिओवर जोडून देणं चांगलंच आहे, पण तज्ज्ञाकडचं ज्ञान गावातल्या डॉक्टर-नर्सच्या हातात येणं त्याहून जास्त गरजेचं आहे. त्यावर इतकी पत्रं आणि मेसेज आले की या वेळचा अख्खा कॉलम त्यालाच दिलाय. सगळ्यांचे प्रश्न घेता आले नाहीत, जे घेतले ते थोडे लहान केलेत, आणि कुणाचंही नाव छापलेलं नाही कारण बऱ्याच जणांनी तशी विनंती केली होती.

प्रश्न: नमस्कार मॅडम, मी बीएएमएस आहे, सातपुड्यातल्या एका उपकेंद्रात सीएचओ (समुदाय आरोग्य अधिकारी) आहे. आमच्याकडे टेलिकन्सल्टेशन रोज चालतं. पेशंटला समोर बसवायचं, वरचे डॉक्टर दोन-तीन मिनिटं बोलतात, प्रिस्क्रिप्शन येतं, ते मी पेशंटला समजावून देते. फायदा होतो, नाही असं नाही. पण तीच तक्रार घेऊन दुसरा पेशंट आला की मला परत कॉल लावावा लागतो, कारण आधीच्या वेळी ते औषध का दिलं हे मला कळलेलंच नसतं. माझ्या भागात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची बरीच मुलं आहेत. त्यांच्यासाठी तज्ज्ञांकडून मला काही शिकता येईल का, की मी फक्त कॉलच लावायचा?

उत्तर: शिकता येईल, आणि तुम्ही शिकलात तर त्या मुलांचं आयुष्य बदलेल असं मला अगदी मनापासून वाटतं. सिकलसेलच्या मुलाला वर्षातून दोनदा दिसणारे मोठे डॉक्टर लागतात हे खरं, पण रात्री ताप आला, पोट फुगलं, पाय दुखून मूल रडायला लागलं, तर आई ज्या दारात येते ते दार तुमचं आहे.

तुम्ही म्हणताय त्या दोन गोष्टी खरंच वेगळ्या आहेत. एक म्हणजे सल्ला. ई-संजीवनी ही सरकारी टेलिमेडिसिन सेवा त्यासाठीच आहे, नोव्हेंबर 2019 मध्ये ती आरोग्यवर्धिनी केंद्रांसाठी सुरू झाली, मग लॉकडाऊनमध्ये 13 एप्रिल 2020 ला घरबसल्या ओपीडीपण सुरू झाली, आणि ज्या गावातून तालुक्याला जायलाच अर्धा दिवस जातो तिथे याचा आधार केवढा मोठा आहे ते तुम्हाला मी सांगायला नको. दुसरी गोष्ट म्हणजे टेलिमेंटरिंग. यात पेशंट स्क्रीनसमोर नसतोच, तुम्ही असता. तुमच्यासारखेच आणखी पंधरा-वीस जण असतात. प्रत्येक वेळी दोघं-तिघं आपापली केस मांडतात, तज्ज्ञ आधी ऐकतात, प्रश्न विचारतात, मग काय करायचं आणि का करायचं ते सांगतात, आणि ट्रीटमेंट मात्र तुम्हीच करता. पुढच्या वेळी परत सांगायचं, काय झालं त्या पेशंटचं.

याची सुरुवात कुठून झाली ते थोडं सविस्तर सांगते कारण मला ती गोष्ट फार महत्त्वाची वाटते. अमेरिकेतलं न्यू मेक्सिको हे राज्य, मोठं, विरळ वस्तीचं आणि तिथल्या मानाने गरीब. अल्बुकर्कीच्या युनिव्हर्सिटी हॉस्पिटलमध्ये डॉ. संजीव अरोरा नावाचे भारतीय वंशाचे लिव्हरचे डॉक्टर होते. हेपॅटायटिस सी च्या पेशंटना त्यांच्या क्लिनिकची तारीख मिळायला आठ-आठ महिने लागायचे, आणि लोक चारशे किलोमीटरवरून गाडी चालवत यायचे. तेव्हा उपचार म्हणजे इंटरफेरॉनची इंजेक्शनं आणि रायबाविरिनच्या गोळ्या, बऱ्याच जणांना जवळजवळ वर्षभर, त्यात रक्त कमी होणं, पांढऱ्या पेशी उतरणं, डिप्रेशन येणं हे सगळं ठरलेलं, म्हणजे सतत कुणीतरी जवळून लक्ष ठेवायला हवं. गावातले फॅमिली डॉक्टर या औषधांना हात लावायला घाबरायचे, ते साहजिकच होतं. मग अरोरांनी 2003 मध्ये प्रोजेक्ट एको सुरू केला. गावातले दवाखाने आणि जेलमधले दवाखाने दर आठवड्याला व्हिडिओवर एकत्र यायचे, केसेस मांडायचे, आणि काही महिन्यांत तेच डॉक्टर ते उपचार आत्मविश्वासाने करायला लागले. एकाची केस बाकी सगळे ऐकत असल्यामुळे प्रत्येक जण दुसऱ्याच्या पेशंटवरही शिकत होता. पेशंट हलवायचा नाही, ज्ञान हलवायचं, एवढीच कल्पना.

आपल्याकडेही हे चालतं. बंगळुरूच्या निम्हान्सने याच पद्धतीने छत्तीसगढमधल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या डॉक्टरांना मानसिक आजारांचे उपचार शिकवलेत. कॅन्सरसाठी टाटा मेमोरियलच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या नॅशनल कॅन्सर ग्रिडमध्ये व्हर्च्युअल ट्यूमर बोर्ड होतात, म्हणजे लहान सेंटरमधला डॉक्टर अवघड केस मांडतो आणि वेगवेगळ्या शहरांतले सर्जन, रेडिएशनवाले, केमोवाले एकत्र बसून त्यावर बोलतात.

आता सिकलसेल. हायड्रॉक्सीयुरिया हे औषध दुखण्याचे अटॅक कमी करतं हे पक्कं ठाऊक आहे, पण ते सुरू केल्यावर ठराविक काळाने सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची तपासणी, बघावी लागते, पांढऱ्या पेशी किंवा प्लेटलेट खाली गेल्या तर औषध थांबवून परत कमी डोसने सुरू करावं लागतं. म्हणजे न्यू मेक्सिकोतला तोच पेच. सुरू करायचा निर्णय तज्ज्ञांचा, पण ते चालू ठेवणं घराजवळच्या माणसाशिवाय शक्यच नाही. तज्ज्ञांना हे नक्की विचारा: सीबीसीचे कुठले आकडे दिसले की मी फोन करायचा, गरोदरपण ठरवत असलेल्या मुलीला काय सांगायचं, पाच वर्षांखालच्या मुलांचं पेनिसिलिन आणि न्यूमोकोकलची लस कशी सांभाळायची. आणि सगळ्यात आधी आईला पानथरी (प्लीहा) चाचपायला शिकवा. डाव्या बरगडीखाली हात ठेवून रोज बघायचं, एका दिवसात ती एकदम मोठी लागली आणि मूल पांढरं पडलं तर वाट बघायची नाही, थेट हॉस्पिटल. रक्त पानथरीत अडकून बसलेलं असतं आणि तासाभरात मूल हातचं जाऊ शकतं. तापाचंही तसंच, या मुलांचा ताप साधा समजायचा नाही.

सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय मिशन 1 जुलै 2023 ला सुरू झालंय, त्यामुळे तपासणी वाढलीय, कार्डं वाटली जातायत. कार्ड मिळालेल्या मुलाचं पुढे काय, हे तुमच्या केंद्रात ठरणार आहे. तुमच्या तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना लेखी विचारा की जिल्ह्यातल्या सीएचओंसाठी मेडिकल कॉलेजबरोबर महिन्यातून दोनदा अशी केस-चर्चा लावता येईल का. पाच-सहा सीएचओंनी मिळून मागितलं तर नाही म्हणणं अवघड जातं.

प्रश्न: मी निवृत्त शिक्षक, रायगड जिल्हा. स्पष्टच विचारतो. शहरातल्या माणसाला समोर बसलेला स्पेशालिस्ट आणि गावातल्या माणसाला स्क्रीन, ही दुय्यम दर्जाची सेवा नव्हे काय? रिकाम्या जागा भरायच्या नाहीत म्हणून हा मार्ग काढलाय असं आमच्यासारख्यांना वाटतं.

उत्तर: गुरुजी, तुमचा राग मला मान्य आहे आणि त्यातला अर्धा भाग तर पूर्णच मान्य आहे. ग्रामीण रुग्णालयात सर्जन, भूलतज्ज्ञ, स्त्रीरोगतज्ज्ञ यांच्या जागा रिकाम्या असतील तर त्या भरल्याच पाहिजेत. सिझेरियन व्हिडिओवर होत नाही. कुणी टेलिमेडिसिन दाखवून "आता डॉक्टरची गरज नाही" म्हणत असेल तर त्याला तुम्ही ग्रामसभेत उभं राहून जाब विचारा, मी तुमच्या बाजूने आहे.

पण दुय्यम दर्जाची, याबद्दल मात्र आपल्याकडे आकडे आहेत. वर सांगितलेल्या न्यू मेक्सिकोच्या प्रयोगाचा अभ्यास 2011 मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आला. एकूण 407 पेशंट. त्यातले काही युनिव्हर्सिटीच्या स्पेशल क्लिनिकमध्ये, बाकीचे 16 गावपातळीवरच्या आणि 5 जेलमधल्या दवाखान्यांत. बरं होण्याचं प्रमाण युनिव्हर्सिटीत 57.5 टक्के आणि गावात-जेलमध्ये 58.2 टक्के, म्हणजे सारखंच. गंभीर साइड इफेक्ट युनिव्हर्सिटीत 13.7 टक्क्यांना आणि गावात 6.9 टक्क्यांना. अभ्यासात पेशंट चिठ्ठ्या टाकून वाटलेले नव्हते, त्यामुळे गावात उपचार "जास्त चांगले" झाले असं मी म्हणणार नाही, पण कमी दर्जाचे झाले नाहीत एवढं नक्की म्हणता येतं. आणि मला स्वतःला वाटतं की ओळखीच्या डॉक्टरला पेशंट लवकर सांगतो, आज चक्कर आली, झोप लागत नाही, आणि त्यामुळे बिघाड वेळेत पकडला जातो.

डोळ्यांचं उदाहरण बघा. मदुराईच्या अरविंद आय हॉस्पिटलची छोटी व्हिजन सेंटर्स तमिळनाडूत गावोगावी आहेत, तिथे ट्रेनिंग घेतलेली व्यक्ती स्लिट लॅम्प या डोळे तपासायच्या यंत्रावर डोळा तपासते, फोटो आणि माहिती मुख्य हॉस्पिटलच्या डॉक्टरकडे जाते, डॉक्टर पेशंटशी व्हिडिओवर बोलतात, चष्मा तिथेच मिळतो आणि ज्याला ऑपरेशन लागणार आहे फक्त तोच प्रवास करतो. गोव्यात हार्ट अटॅकसाठी तसंच जाळं आहे, तालुक्याच्या ठिकाणी काढलेला ईसीजी काही मिनिटांत हृदयरोगतज्ज्ञ वाचतात आणि गुठळी विरघळवणारं इंजेक्शन जवळच्या हॉस्पिटलमध्येच देऊन मग पेशंट बांबोळीला गोवा मेडिकल कॉलेजात नेतात. अटॅकमध्ये पहिला तास गाडीत गेला तर पुढे कितीही मोठा तज्ज्ञ भेटून हृदयाचा मेलेला भाग परत येत नाही.

आणि गुरुजी, तुम्ही रायगडचे आहात म्हणून एक आठवण करून देते. लाल विंचवाच्या दंशाने कोकणात केवढी माणसं, केवढी पोरं जायची. त्यावर प्राझोसिन ही रक्तदाबाची साधी गोळी वापरायचं काम तुमच्याच जिल्ह्यात, महाड भागात, डॉ. हिंमतराव बावस्करांनी केलं. बिरवाडीच्या सरकारी दवाखान्यात पेशंटच्या उशाशी रात्र-रात्र बसून त्यांनी निरीक्षणं लिहिली, लॅन्सेट या मेडिकल जर्नलमध्ये छापली, आणि जग ते त्यांच्याकडून शिकलं. 2022 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. म्हणून ज्ञान नेहमी शहराकडून गावाकडेच येतं असं मी मानतच नाही, जी व्यवस्था फक्त वरून खाली बोलते आणि खालचं ऐकत नाही ती माझ्या मते अर्धवट आहे.

प्रश्न: ताई मी आशा आहे गडचिरोली जिल्ह्यात. आमच्या सिस्टर सांगतात की कातडीवर डाग दिसला तर फोटो काढून पाठव. मी काढते पण डॉक्टर म्हणतात नीट दिसत नाही. फोटो कसा काढायचा आणि कुणाचा काढावा कुणाचा नाही ते सांगा.

उत्तर: ताई, खूप कामाचं विचारलंत. फोटो सकाळच्या उजेडात, घराबाहेर सावलीत काढा. फ्लॅश बंद. एक फोटो लांबून, म्हणजे डाग पाठीवर आहे की दंडावर ते कळेल, आणि एक जवळून, पण इतक्या जवळून नाही की धूसर होईल, मोबाईल वीतभर लांब धरायचा आणि स्क्रीनवर डागावर बोट टेकवायचं म्हणजे फोकस बसतो. डागाशेजारी एक रुपयाचं नाणं किंवा पट्टी ठेवा, साइज कळते. तेल, हळद, पावडर लावलेली असेल तर आधी पुसून घ्या, नाहीतर रंगच चुकीचा दिसतो. फोटोबरोबर चार गोष्टी लिहा: वय, डाग कधीपासून, खाज आहे का, घरात अजून कुणाला आहे का.

आता सगळ्यात महत्त्वाचं, जे फोटोत कधीच दिसणार नाही. डागाला बधिरपणा आहे का. पेशंटला डोळे मिटायला सांगा, बॉलपेनचं टोक हलकेच आधी चांगल्या कातडीला लावा आणि मग डागावर, आणि प्रत्येक वेळी कुठे लागलं ते बोटाने दाखवायला सांगा. फिकट किंवा लालसर डाग आणि तिथे स्पर्श कळत नाही, असं असेल तर कुष्ठरोगाचा संशय घ्यायचा आणि फोटोच्या उत्तराची वाट न बघता पेशंटला प्राथमिक आरोग्य केंद्रात न्यायचं. एमडीटीचा, म्हणजे कुष्ठरोगाच्या औषधांचा, कोर्स फुकट मिळतो आणि वेळेत घेतला तर हाताची बोटं वाकडी होणं, पायाला जखमा होणं हे सगळं टळतं. त्वचारोगतज्ज्ञ कितीही मोठा असू दे, पुण्या-नागपुरात बसून त्याला तो बधिरपणा कळणार नाही, तुमच्या हातातल्या पेनाने कळणार आहे.

कुणाचा फोटो काढायचा: ज्याने हो म्हटलं त्याचा. कशासाठी काढतोय, कुणाला पाठवणार ते त्याच्या भाषेत, माडियात, गोंडीत सांगायचं आणि मगच काढायचा. चेहऱ्यावर डाग नसेल तर चेहरा येऊ द्यायचा नाही. बाईच्या अंगावरच्या झाकलेल्या भागाचा असेल तर सिस्टरच काढतील, आणि घरातली एखादी बाई सोबत असू द्या. गावाच्या किंवा आशांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कधीच टाकायचा नाही, डॉक्टरांच्या नंबरवर किंवा केंद्राच्या अ‍ॅपवर पाठवायचा आणि उत्तर आलं की मोबाईलमधून काढून टाकायचा. कुष्ठरोगाचं नाव गावात फुटलं तर त्या घरातल्या मुलीचं लग्न मोडतं, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहितीये.

प्रश्न: मी पुण्यात आयटीत आहे, आई-बाबा बुलढाणा जिल्ह्यातल्या गावी. आईला शुगर आणि बीपी. पुण्यातल्या चांगल्या डायबेटॉलॉजिस्टशी व्हिडिओवर बोलणं करून दिलं तर पुरेल का, की दर वेळी तिला पुण्याला आणू?

उत्तर: दर वेळी आणू नका, पण गावातल्या डॉक्टरला यातून बाजूला काढू नका, ही माझी कळकळीची विनंती. अशा घरांत बहुतेक वेळा असं होतं की पुण्याच्या डॉक्टरने औषध बदललं, गावातल्या डॉक्टरला माहितीच नाही, तो आपलं जुनं चालू ठेवतो आणि आई दोन्ही घेते. व्हिडिओच्या वेळी शक्य असेल तर आईला गावातल्या डॉक्टरकडेच बसवा, दोघं डॉक्टर एकमेकांशी पाच मिनिटं बोलले तर पुढच्या सहा महिन्यांची काळजी मिटते.

कॉलच्या आधी घरी मोजलेल्या बीपीची आठवडाभराची वही, एचबीए1सी चा (तीन महिन्यांच्या सरासरी शुगरचा) रिपोर्ट, किडनीची तपासणी आणि चालू गोळ्यांच्या पाकिटांचे फोटो पाठवून ठेवा. पाय मात्र व्हिडिओवर नीट तपासता येत नाहीत आणि डोळ्याचा पडदा तर नाहीच, त्यासाठी वर्षातून एकदा प्रत्यक्ष जावं लागेल. 25 मार्च 2020 ला टेलिमेडिसिनची सरकारी मार्गदर्शक तत्त्वं आली, त्यानुसार नोंदणी असलेला डॉक्टर फोनवर-व्हिडिओवर उपचार कायदेशीररीत्या देऊ शकतो, प्रिस्क्रिप्शनवर त्याचा रजिस्ट्रेशन नंबर असलाच पाहिजे, आणि हे व्हिडिओवर होण्यासारखं नाही, प्रत्यक्ष या, असं म्हणायचा अधिकारही त्याला आहे. कुणी तसं म्हटलं तर तो टाळतोय असं समजू नका. आणि छातीत दुखलं, तोंड वाकडं झालं, हात उचलत नाहीये, तर कुठलाच व्हिडिओ नाही, 108 ची अ‍ॅम्ब्युलन्स.

प्रश्न: मॅडम, मी नवीन एमबीबीएस, बाँडवर घाटातल्या एका पीएचसीला (प्राथमिक आरोग्य केंद्राला) आहे. सर्पदंशाचा पेशंट आला की मी सरळ जिल्ह्याला रेफर करतो. एका ऑनलाइन चर्चेत केस मांडायला सांगितली होती पण सीनियर लोकांसमोर आपलं अज्ञान दिसेल म्हणून मांडली नाही. काय करू?

उत्तर: मांडा. पुढच्याच वेळी मांडा. आपल्या शिक्षणात राउंडला उभं करून सगळ्यांसमोर फाडायची जी पद्धत आहे तिने पिढ्यान्‌पिढ्या डॉक्टरांना गप्प बसायला शिकवलंय आणि त्याची किंमत पेशंटने मोजलीय. जी ऑनलाइन चर्चा चांगली चालते तिथे चालवणाऱ्याचं पहिलं काम हेच असतं की केस मांडणाऱ्याला कुणी कमी लेखणार नाही. तुम्हाला तिथे तसं वागवलं गेलं तर ती चर्चा सोडा आणि दुसरी शोधा, पण शिकणं सोडू नका.

सर्पदंशाबद्दल बोलते कारण प्रश्न जिवाचा आहे. देशात 2000 ते 2019 या काळात वर्षाला सरासरी 58,000 माणसं सापाने गेली असा अंदाज आहे, आणि त्यातली बहुतेक गावातली. पेशंटला प्रतिविष न देता दोन तासांच्या रस्त्यावर पाठवलं तर विष तेवढा वेळ काम करत राहतं. 20 मिनिटांची रक्त गोठण्याची टेस्ट तुमच्या टेबलावर होते: कोरडी, स्वच्छ, नवी काचेची टेस्ट ट्यूब, 2 मिली रक्त, 20 मिनिटं हलवायची नाही, मग तिरकी करून रक्त गोठलंय की नाही ते बघायचं. पुस्तकात एवढंच असतं. अनुभवी माणूस पुढे सांगतो की प्लॅस्टिकची ट्यूब चालत नाही, साबणाने धुतलेली काचेची पण चालत नाही, दोन्हीत रक्त गोठायला वेळ लागतो आणि तुम्ही चुकीचा निष्कर्ष काढता. मण्यारचं तो सांगतो की पहाटे जमिनीवर झोपलेला माणूस पोटात दुखतंय म्हणून आला, दाताच्या खुणा कुठेच नाहीत, तर आधी पापण्या खाली पडतायत का ते बघ. प्रतिविषाची रिअ‍ॅक्शन आली तर म्हणून अ‍ॅड्रेनलिन आधी भरून ठेव, मग प्रतिविष सुरू कर, आणि श्वास कमी पडतोय असं वाटलं तर अँब्यू बॅग (हाताने दाबून श्वास द्यायची पिशवी) घेऊन गाडीत स्वतः बस किंवा ती नीट दाबता येणारा माणूस बसव. अशा चर्चेत तुम्हाला मिळायचं ते हेच.

केस कशी मांडायची: नाव-गाव सांगायचं नाही. वय, दंश किती वाजता, तुमच्याकडे किती वाजता, काय दिसलं, काय दिलं, तुमच्याकडे काय आहे आणि काय नाही, व्हेंटिलेटर किती लांब. आणि शेवटी एकच नेमका प्रश्न. तीन मिनिटांत होतं.

प्रश्न: मी टेक्ससमध्ये लहान मुलांची न्यूरॉलॉजिस्ट आहे, मूळची सांगलीची. दर शनिवारी दोन तास देऊ शकते. गावाकडच्या मुलांना व्हिडिओवर तपासू का?

उत्तर: मनापासून आनंद झाला वाचून. पण भारतातली नोंदणी चालू नसेल तर इथल्या पेशंटला थेट तपासून औषध लिहून देऊ नका, 2020 ची तत्त्वं इथे नोंदणी असलेल्या डॉक्टरांसाठी आहेत आणि काही बिघडलं तर त्या मुलाच्या आई-बापाला दाद मागायला जागाच राहणार नाही. तुमचे दोन तास इथल्या डॉक्टरांना द्या. ग्रामीण रुग्णालयांतले बालरोगतज्ज्ञ आणि मेडिकल ऑफिसर केस मांडतील, नाव न सांगता, निर्णय आणि सही त्यांची राहील.

आकडी येणारी मुलं हा सुरुवातीला फार चांगला विषय आहे. वर्षानुवर्षं एकाच गोळीच्या अपुऱ्या डोसवर असलेली मुलं, वजन वाढलं तरी डोस तोच, हे इथे खूप दिसतं आणि ते सुधारायला एमआरआय लागत नाही. आधी इथल्या एखाद्या डॉक्टरकडून पीएचसीत कुठली आकडीची औषधं खरोखर मिळतात ती यादी मागून घ्या आणि त्याच यादीत राहून बोला. दर महिन्याला हजारो रुपयांचं औषध सुचवलंत तर पुढच्या शनिवारी कुणी केस मांडणार नाही. पहिल्या काही वेळा लेक्चर अगदी थोडं ठेवा, दहा-पंधरा मिनिटं, बाकी वेळ केसेस. आणि तुमची शनिवारची सकाळ म्हणजे इथली संध्याकाळ, ओपीडी संपलेली असते, वेळ छान जुळते. एकट्याने सुरू करण्यापेक्षा एखाद्या मेडिकल कॉलेजच्या बालरोग विभागाला सोबत घ्या, म्हणजे तुम्ही आजारी पडलात तरी चर्चा चालू राहील.

प्रश्न: आमच्या पाड्यावर रेंजच नाही. मग हे सगळं आमच्यासाठी नाहीच का?

उत्तर: आहे, फक्त लाइव्ह व्हिडिओचा हट्ट सोडावा लागेल. फोटो, ईसीजी, रिपोर्ट, चार ओळींची माहिती मोबाईलमध्ये भरून ठेवायची, सिस्टर किंवा एमपीडब्ल्यू (आरोग्य सेवक) रेंजमध्ये गेले की ते जातं आणि उत्तर दुसऱ्या दिवशी येतं, कातडीचे आजार, जुनी दुखणी, रिपोर्ट वाचणं यांना तेवढं पुरतं. जिथे साधा फोन लागतो तिथे 104 वर आरोग्याचा सल्ला मिळतो, आणि मनाचा त्रास असेल, झोप उडालीये, जीव नकोसा वाटतोय, तर टेलिमानसचा 14416 हा नंबर आहे, ऑक्टोबर 2022 पासून चालू आहे, मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत. तुमच्या उपकेंद्रातल्या कर्मचाऱ्यांची ऑनलाइन चर्चा तालुक्याच्या मीटिंगच्या दिवशीच ठेवायला सांगा, त्या दिवशी ते नाहीतरी रेंजमध्ये येतातच. आणि रेंजसाठी अर्ज करताना ग्रामपंचायतीच्या ठरावात उपकेंद्राचं नाव आणि लोकसंख्या लिहा.